शुभाला पत्र

पुणे, रविवार

चि. शुभास अनेक आशीर्वाद.

वाकडेवाडीला तुझी गाडी हलली आणि बोलायचं ते राहूनच गेलं. फोनवर तू नुसतं 'हो बाबा, हो बाबा' करतेस, म्हणून लिहितोय. खोलीच्या दाराला आतून कडी आहे का, ते कळव. मोरेकाका म्हणतात, तिकडची, नंदुरबारातल्या धडगावकडची माणसं चांगली आहेत. असतीलच. तरी कडी बघ.

तू गेल्यावर आत्या म्हणाली, शिक्षणसेवकाच्या सोळा हजार मानधनासाठी पोर एवढ्या लांब कशाला धाडली? मी वाद घातला नाही. तिची शाळा चौथीत सुटली, कारण पाचवीचा वर्ग ओढ्यापलीकडच्या गावात होता. मला मात्र त्याच ओढ्यातून जाऊ दिलं. तिची पाटी पुढे मीच वापरली.

म्हणून तुझ्या शाळेचा पट चौदा आहे हे ऐकून मला धस्स झालं. वीसच्या आतल्या शाळा एकत्र करून समूह शाळा काढायची टूम २०२३ साली निघालीच होती. शाळा लांब गेली की आधी मुली गळतात, हे सांगायला समिती कशाला हवी? पट टिकव. मुलं घरी मराठी बोलत नसतील तर रागावू नकोस, त्यांचं आधी ऐकून घे. मी नववी नापास, आणि डी.एड. झालेल्या पोरीला शिकवतोय! राहू दे.

पण एक सांगतोच. दुकानात पुस्तकांचे गठ्ठे बांधता बांधता वाचलेलं आहे. १८८२ साली जोतीरावांनी इंग्रज सरकारच्या शिक्षणविषयक हंटर आयोगाला लिहून दिलं, की प्राथमिक शिक्षण निदान बाराव्या वर्षापर्यंत सक्तीचं करा. सारा शेतकऱ्याकडून घेता आणि खर्च वरच्या वर्गांच्या शिक्षणावर करता, हेही सुनावलं. १९११ला गोखल्यांनी विधेयक आणलं. किती बेताचं! सक्ती सहा ते दहा वर्षांच्या मुलांना, तीही स्थानिक संस्थेने ठरवलं तर. पुढच्या वर्षी तेही पडलं, १३ विरुद्ध ३८ मतांनी. शाहू महाराजांनी १९१७ला आपल्या संस्थानात सक्ती आणून दाखवली. देशभराचा कायदा लागू झाला तो १ एप्रिल २०१०ला, म्हणजे जोतीरावांच्या मागणीनंतर १२८ वर्षांनी. तू तेव्हा महापालिकेच्या शाळेत तिसरीत होतीस आणि दुपारी दुकानाच्या माळ्यावर बसून नव्या पुस्तकांची पानं न दुमडता वाचायचीस. मालक बघायचे, बोलायचे नाहीत. परवा एका गिऱ्हाइकाला तेच सांगत होते, 'ह्याची मुलगी मास्तरीण झाली.' मी उगाच सुतळी शोधत बसलो.

रात्री तिकडे लाइट जाते म्हणे. बॅटरी उशाशी ठेव. अंधार पडल्यावर पाड्यावरून एकटी येऊ नकोस, शाळेतल्या मावशींना सोबत घे. कडीचं मघाशी लिहिलंच आहे. तुला वाटेल, बाबा घाबरट. आत्याला घरी बसवलं तेव्हा आजीलाही भीतीच वाटली होती गं. म्हणून तुला 'जाऊ नको' म्हणालो नाही.

पार्सल उद्या टाकतो. अंकलिप्या चौदा, खडूचे खोके, आणि चटणी आत्याने केलीय. तिखट आहे. अंकलिप्या मालकांनी निम्म्या दरात दिल्या. त्याचे पैसे मला पाठवू नकोस, आधी चांगली चप्पल घे.

तुझा,
बाबा