टाइल्सचा रेट विचारता, वजनही विचारा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

शाळांना सुट्टी लागली की नवी मुंबईतल्या जुन्या इमारतींमधून ब्रेकरचा, म्हणजे लादी फोडायच्या यंत्राचा, आवाज सुरू होतो. पावसाच्या आत, निदान गणपतीच्या आत घर नवं झालं पाहिजे म्हणून सगळ्यांची घाई. स्थापत्याचा डिप्लोमा करून मी उभी हयात साइटवर काढली, आता नेरुळला असतो. त्यामुळे ओळखीपाळखीचे लोक कोटेशन घेऊन येतात. "काका, रेट बरोबर आहे ना, जरा बघा." रेट बहुतेक वेळा बरोबर असतो. जीव कासावीस होतो तो त्या कागदावर जे लिहिलेलंच नसतं त्यामुळे.

20 मे 2025 ला कल्याण पूर्वेत एका जुन्या इमारतीत चौथ्या मजल्यावर फ्लोरिंगचं काम चालू होतं. तो स्लॅब खालचे मजले घेऊन तळाला गेला आणि सहा माणसं गेली. जून 2022 मध्ये आमच्या नेरुळमध्येच सहाव्या मजल्यावरच्या हॉलचा स्लॅब असाच एकाखाली एक हॉल फोडत खाली आला होता. तिथेही फ्लोरिंगचंच काम चालू होतं. दोन दिवस बातम्या आल्या, नंतर सगळे विसरले. टाइल्स बदलणं म्हणजे रंगकाम केल्यासारखंच किरकोळ काम, ही समजूत मात्र तशीच राहिली.

परवा एक शेजारी असाच कागद घेऊन आले. चौथा मजला, लिफ्ट नाही, इमारत पस्तिशी ओलांडलेली. कागदावर एकच ओळ: "400 चौ. फूट व्हिट्रिफाइड टाइल्स, मटेरियलसह." जुनी लादी काढणार की वरच बसवणार? कॉन्ट्रॅक्टर म्हणाला होता, "वरच मारू, तोडफोडीचा खर्च वाचेल." मी त्यांना पेन घेऊन बसवलं. रेती-सिमेंटच्या मालाचा पाच सेंटिमीटरचा थर चौरस मीटरला साधारण 100 किलो भरतो. वर टाइलचे 20 धरा. म्हणजे चौरस फुटाला 11 किलो आणि 400 फुटांना जवळपास साडेचार टन, कायमचे, जुन्या लादीच्या वर. घराच्या खोलीत माणसं आणि सामान मिळून चौरस मीटरला 200 किलो भार येईल असं धरून स्लॅबचं डिझाइन करतात. त्यातले 120 आपण टाइल्समध्येच संपवले. तेही कुठल्या स्लॅबवर? खाडीची खारी हवा इतकी वर्षं खाल्लेल्या, खालच्या घरात पोपडे सुटून गंजक्या सळया दिसणाऱ्या. ते गृहस्थ कितीतरी वेळ त्या आकड्याकडेच बघत राहिले.

जुनं फ्लोरिंग काढलं म्हणजे सुटलो, असंही नाही. निघालेलं डेब्रिज चारेक टन सहज असतं, आणि टेम्पो भरेपर्यंत ते बेडरूममध्ये ढीग लावून ठेवतात. त्याच वेळी टाइल्सचे डबे वर चढतात. दोन बाय दोनच्या चार टाइल्सचा डबा 28-30 किलोचा, आणि तूटफूट धरून 400 फुटांना तसे 28 डबे लागतात. बिगारी बिचारा पायऱ्या चढून दमलेला असतो, तो हॉलच्या मधोमध थप्पी लावून मोकळा होतो. शेजारी रेतीच्या गोण्या आणि सिमेंट. म्हणजे खोलीच्या मध्यावर, स्लॅबची ताकद जिथे सर्वांत आधी संपते नेमकं तिथे, दोन टन आणि वरून ब्रेकरचे हादरे. डबे भिंतीकडेने, बीमच्या जवळ, विखरून ठेवायचे आणि डेब्रिज रोजच्या रोज उतरवायचं, एवढं कोटेशनमध्ये लिहून घेतलं तरी निम्मा धोका टळतो. कॉन्ट्रॅक्टर त्याचे पैसे जास्त मागेल. ते द्यावेत, कारण त्या कामाला खरोखरच माणसं जास्त लागतात. जुनी लादी घट्ट असेल तर पातळ ॲडहेसिव्हवर नवी टाइल बसवता येते. मालाच्या थराचं वजन वाचतं, फक्त दरवाजे खालून थोडे तासावे लागतात. यातलं आपल्या घराला काय चालेल हे मात्र स्लॅब बघून स्ट्रक्चरल इंजिनिअरनेच सांगावं. खालच्या घरात जाऊन छताला हातोडी मारून बघणारा इंजिनिअर हवा. फोटो बघून हो म्हणणारा नको.

इथेच दुसरा घोटाळा होतो. "आमचा आर्किटेक्ट आहे ना," असं लोक निर्धास्तपणे सांगतात. चौकशी केली तर तो थ्रीडी चित्रं काढून देणारा इंटीरियरवाला निघतो. चित्रं काढायला हरकत नाही. पण 1972 च्या आर्किटेक्ट्स कायद्याप्रमाणे कौन्सिल ऑफ आर्किटेक्चरकडे नोंदणी असल्याशिवाय स्वतःला आर्किटेक्ट म्हणवता येत नाही, आणि तो नोंदणी क्रमांक मागण्यात संकोच कसला? नोंदणी असलेला आर्किटेक्टही कुठली भिंत काढायची, एसीच्या पाइपसाठी बीमला भोक पाडायचं का, हे स्वतःच्या जबाबदारीवर सांगत नाही, स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलावतो. बोलावत नसेल तर तो आर्किटेक्ट बदलावा, असं माझं स्पष्ट मत आहे. वायरिंगच्या झिऱ्या, म्हणजे खाचा, कॉलममध्ये मारलेल्या मी डोळ्यांनी पाहिल्या आहेत. सळई उघडी पडली की वरून पुट्टी भरतात, आणि मग ते कुणालाच कधी दिसत नाही.

पैशांचं थोडक्यात सांगतो. ॲडव्हान्स मोजकाच द्यावा, पुढचे हप्ते झालेल्या कामाचं माप घेऊन द्यावेत, बाथरूमचं वॉटरप्रूफिंग किमान दोन दिवस पाणी भरून तपासावं आणि शेवटचे पाच टक्के एक पावसाळा जाईपर्यंत हातात ठेवावेत. बिल्डरकडून घर घेणाऱ्यांसाठी असलेल्या रेरा कायद्याचं संरक्षण आपल्या घराच्या नूतनीकरणाला नाही. भांडण झालंच तर ग्राहक आयोगाकडे जावं लागतं आणि तिथे पहिला प्रश्न लेखी कराराचा येतो.

सोसायट्यांनाही माझी कळकळीची विनंती आहे. आदर्श उपविधींप्रमाणे घरात बदल करण्याआधी समितीची लेखी परवानगी लागते, पण प्रत्यक्षात डिपॉझिट घेतात, कामाच्या वेळा सांगतात आणि सही करून देतात. त्याच अर्जात जुनं फ्लोरिंग निघणार का, नवा थर किती जाडीचा, सामान कुठे ठेवणार आणि इंजिनिअरचं पत्र सोबत आहे का, एवढे चार रकाने वाढवा. खालच्या मजल्यावरच्या माणसाला काम सुरू होण्याआधी कळवा. त्याच्या छताच्या भेगा त्यालाच माहीत असतात.

महापालिका दर पावसाळ्याआधी धोकादायक इमारतींची सी-1 (तातडीने रिकामी करायची) ते सी-3 (किरकोळ दुरुस्तीची) अशी वर्गवारी जाहीर करते, आणि 30 वर्षांपुढच्या इमारतींना स्ट्रक्चरल ऑडिट कायद्यानेच बंधनकारक आहे. वाशी-नेरुळच्या कितीतरी इमारतींनी ही तिशी ओलांडली आहे. अशा इमारतींत इंजिनिअरच्या पत्राशिवाय फ्लोरिंगचं काम सुरू करू नये, असं परिपत्रक विभाग कार्यालयांमार्फत प्रत्येक सोसायटीला जावं, आणि ते ब्रेकर सुरू व्हायच्या आधी, मार्चमध्येच जावं, ही आयुक्तांना विनंती आहे.

आपला,
एक निवृत्त साइट इंजिनिअर, नेरुळ, नवी मुंबई