आधी सिंबॉल शिकवा, मग पात्र चालवा

महोदय,

ॲनिमेशनच्या अनेक वर्गांत ॲडोबी ॲनिमेट हे सॉफ्टवेअर शिकवताना थेट चालणारे पात्र करायला देतात आणि सिंबॉलची, म्हणजे एकदा काढून पुन्हा पुन्हा वापरता येणाऱ्या चित्राची, ओळख जाता जाता उरकतात. मुलांचे काम नेमके तिथेच अडते.

चित्र निवडून एफ-८ दाबले की त्याचा सिंबॉल करण्यासाठी मूव्ही क्लिप, ग्राफिक, बटन असे तीन पर्याय येतात. पात्राच्या अवयवांसाठी ग्राफिकच घ्यावे. मूव्ही क्लिपची टाइमलाइन, म्हणजे फ्रेमची (एकेका क्षणाच्या चित्रांची) पट्टी, स्वतंत्र चालते, त्यामुळे मुख्य टाइमलाइनवर पुढे-मागे सरकवून पाहिले तर पाय हललेले दिसत नाहीत. ग्राफिक मुख्य टाइमलाइनच्या फ्रेमबरोबर चालते. ओठांची हालचाल आवाजाशी जुळवायची तर तेच हवे. तोंडाच्या सगळ्या आकृत्या एकाच ग्राफिकमध्ये, प्रत्येक फ्रेमवर एक, अशा ठेवाव्यात आणि लूपिंगमध्ये (ग्राफिक कोणत्या फ्रेमपासून कसे चालावे हे ठरवणाऱ्या सेटिंगमध्ये) ‘सिंगल फ्रेम’ निवडून हवी ती आकृती लावावी. प, ब, भ, म या चारही अक्षरांना मिटलेल्या ओठांची एकच आकृती पुरते.

हाताचा फिरण्याचा बिंदू, म्हणजे फ्री ट्रान्सफॉर्म या साधनात दिसणारे पांढरे वर्तुळ, पहिली की-फ्रेम (चित्राची स्थिती ठरवून दिलेली फ्रेम) टाकण्यापूर्वीच खांद्यावर आणावे. नंतर हलवले तर ट्वीनमध्ये, म्हणजे दोन की-फ्रेममधल्या आपोआप भरल्या जाणाऱ्या हालचालीत, हात खांद्यातून निसटतो.

चालण्याचे एक चक्र २४ फ्रेमच्या ग्राफिकमध्ये असेल आणि ते मुख्य टाइमलाइनच्या पहिल्या फ्रेमपासून सुरू असेल, तर ३७व्या फ्रेमवरच्या की-फ्रेमला लूपिंगमधली ‘फर्स्ट’ (ग्राफिकची सुरुवातीची फ्रेम) १३ असायला हवी. पहिली की-फ्रेम तिथे कॉपी केली की तो आकडा १ येतो आणि पाऊल झटका खाते. विद्यार्थी मग पायाचे चित्र दुरुस्त करत बसतात. चूक चित्रात नसतेच.

सर्वांत जास्त नुकसान मात्र वेगळ्याच गोष्टीने होते. गर्दीतला एक माणूस वेगळा हवा म्हणून त्याच्यावर डबल-क्लिक करून चेहरा बदलला, तर सगळी गर्दी बदलते, कारण सगळी माणसे एकाच सिंबॉलच्या प्रती असतात. त्यासाठी राइट-क्लिक करून ‘डुप्लिकेट सिंबॉल’ घ्यावा लागतो. तेवढ्यानेही भागत नाही, कारण बाहेरचा सिंबॉल नवा झाला तरी आतले डोके, हात जुनेच असतात. बदलायचा असेल तो प्रत्येक आतला सिंबॉलही वेगळा डुप्लिकेट करावा लागतो. फक्त रंग बदलायचा असेल तर हा खटाटोप नको, कलर इफेक्टमधला टिंट (त्या एका प्रतीवर रंगाची छटा चढवणारा पर्याय) पुरेसा आहे.

एवढे सगळे शिकवायला दोन तास लागतात. अभ्यासक्रम आखणाऱ्यांनी ते पहिल्याच आठवड्यात द्यावेत, ही विनंती.

— ॲनिमेशनचे एक प्रशिक्षक, पुणे