बिडी सोडवणाऱ्या फोनवरच्या ताईंना

ताई, सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव तुम्ही पहिल्याच फोनला सांगितलं होतं, पण तुम्हाला न विचारता ते इथे लिहीत नाही. पत्र सगळ्यांसमोर लिहितेय, कारण तुमच्यासोबत त्या फोनवर बसणाऱ्या बाकीच्यांचेही आभार त्यात आले, आणि आमच्याकडच्या चार घरांत ते वाचलं गेलं तर बरंच. मी अमळनेर तालुक्यातली सून. तुम्ही ज्यांची बिडी सोडवलीत ते माझे सासरे. घरात सगळे त्यांना आप्पा म्हणतात. दुसऱ्या फोनपासून तुम्हीही आप्पाच म्हणायला लागलात.

त्या वर्षी कापसाला भाव नव्हता. खानदेशात भाव नसला की कापूस घरात येतो. पुढची खोली आढ्यापर्यंत कापसानं भरलेली, खाटा ओसरीत, आणि आप्पा पहाटे उठून त्याच ओसरीत बिडी पेटवणार. सासूबाईंची झोप उडाली होती. आप्पांचा खोकला जुना, तो कुणी मनावर घेत नव्हतं. धास्ती होती ती ठिणगीची. पण बोलणार कोण? सासूबाईंच्या बोलण्याची घराला सवय झालेली. आमचे हे स्वतः तंबाखू मळतात, बापापुढे बोलायला त्यांना तोंड नाही. आणि सुनेनं सासऱ्याला ‘बिडी सोडा’ म्हणावं अशी आमच्याकडे रीत नाही. एका डॉक्टरांनी एक्स-रे धरून ‘सोडा, नाहीतर मराल’ एवढं सांगून टाकलं होतं. आप्पा बाहेर आले आणि दवाखान्याच्या पायरीवर बसून त्यांनी पेटवली. घाबरल्यावर त्यांचा हात जायचा तो बिडीकडेच.

तुमचा नंबर मला बंडलावरच सापडला. चूल पेटवायला कागद उचलला, तर त्या भयानक चित्राजवळ १८००-११-२३५६. तंबाखूच्या प्रत्येक वेष्टनावर हा नंबर छापायचा नियम १ सप्टेंबर २०१८ पासूनचा, हे मागाहून कळलं. म्हणजे तो रोज आमच्या घरात येत होता आणि रोज चुलीत जात होता. फोन लावला तो नेमका सोमवारी, तुमच्या सुट्टीच्या दिवशी. मंगळवारी सकाळी आठनंतर लागला.

मी घडाघडा सगळं सांगत सुटले. तुम्ही ऐकून घेतलंत आणि विचारलंत, ‘सोडायची त्यांना आहे, की सोडवायची तुम्हाला आहे?’ मग म्हणालात, फोन त्यांच्याकडे द्या. खरं सांगते, त्या क्षणी फोन बंद करावासा वाटला. शेवटी मुलाच्या हातात फोन देऊन त्याला गोठ्यात पाठवलं आणि मी दाराआड उभी राहिले.

तुम्ही आप्पांना विचारलंत, सकाळी उठल्यावर पहिली बिडी किती वेळानं? ‘उठनू का लगेच,’ आप्पा म्हणाले. अहिराणी तुम्हाला सगळी कळली नसेल, पण तुम्ही सावकाश बोलत राहिलात. रात्रभरात अंगातलं निकोटिन उतरतं, म्हणून उठल्याउठल्या ज्याला बिडी लागते त्याला तिनं जास्त घट्ट धरलेलं असतं, हे तुम्ही समजावलंत. आप्पांनी आपला ठेवणीतला मुद्दा काढला : बिडी पानाची, सिगारेटीइतकी वाईट नाही. त्यावर तुम्ही म्हणालात, टेंभुर्णीच्या पानातून हवा खेळत नाही, बिडी सारखी विझायला बघते, म्हणून झुरका जोरात आणि पुन्हापुन्हा घ्यावा लागतो, आणि तेवढा जास्त धूर आत जातो. आप्पा गप्प झाले. विझणारी बिडी त्यांना सांगायला नकोच होती, आयुष्यभर तीच ओढली.

‘आजपासून बंद’ असं तुम्ही म्हणाला नाहीत, हे मला तेव्हा पटलं नव्हतं. दिवस तुम्हीच ठरवा, म्हणालात. आप्पांनी चंपाषष्ठी धरली. खंडेरावाची तळी भरायची आणि बिडी ठेवायची. आदल्या संध्याकाळी त्यांनी काडेपेट्या सासूबाईंच्या हवाली केल्या, आणि गोठ्याच्या कुडातून, बैलगाडीच्या साटीखालून एवढी बंडलं निघाली की आम्ही बघतच राहिलो.

पहिले दिवस वाईट गेले. ताटावरून उठून जाणं, नातवावर खेकसणं, रात्री अंगणात फेऱ्या, पोट साफ नाही. खोकला तर वाढला. तो काहींना सुरुवातीला वाढतो, छाती साफ व्हायला लागलेली असते, हे तुम्ही आधीच बजावलं नसतंत तर सासूबाईंनीच घाबरून बंडल आणून दिलं असतं. तल्लफ काही मिनिटांची असते, तेवढी टाळा : थोडं थांबा, खोल श्वास घ्या, घोट घोट पाणी प्या, हाताला काम द्या. निकोटिनच्या च्युइंगगमचंही तुम्ही सांगितलंत, पण आप्पांना दाढाच नाहीत म्हटल्यावर ते तिथेच सोडून दिलंत आणि हात रिकामे असताना काय करतात ते विचारलंत. आप्पा दावी वळायला बसले. आज आमच्याकडे बैल दोन आहेत आणि दाव्यांचा ढीग आहे. शेजारीपाजारी फुकट नेतात.

पण ताई, एवढं तर कुणी छापील कागदावरही लिहून दिलं असतं. तुमचे आभार मानायचे ते तुम्ही उलट फोन करत राहिलात म्हणून. आमच्या घरी फोन येतात ते जावयांचे, बँकेचे, बियाण्याच्या दुकानाचे. आप्पांसाठी म्हणून फोन कधी येत नसे. तुमचा यायचा त्या दिवशी ते डोक्यावर टोपी घालून बसायचे, फोन यायच्या कितीतरी आधी. एकदा बोलणं संपल्यावर सासूबाईंना म्हणाले, ‘माले आजलोंग कोनी इचारं नही.’ सासूबाई चिडल्या, जन्मभर मी काय करत होते म्हणून. त्यांचंही खरं आहे.

माघात भावकीत मयत झाली. मयतीत बिडीचं बंडल हातोहात फिरतं, तुम्हाला माहीत असेल. आप्पांनी एक ओढली, आणि पुढच्या फोनला स्वतःहून तुम्हाला सांगितली. मी कान टवकारून होते, आता बोलणी बसणार. तुम्ही विचारलंत, शेजारी कोण बसलं होतं, आणि हातात घेण्याआधी मनात काय आलं? आप्पा बोलत राहिले, गेलेल्या भावाबद्दलच बोलले, बराच वेळ. बिडीचा विषय त्यात शेवटी जेमतेम आला. म्हणालात, एका बिडीनं आधीचे दिवस वाया जात नाहीत, दहाव्याला कुठे बसायचं तेवढं आत्ताच ठरवून ठेवा. दहाव्याला आप्पा जाऊन बसले बायकांच्या बाजूला.

आणखी एक धोका तुम्ही वेळेवर ओळखलात. बिडी सोडली म्हटल्यावर जो तो चंची पुढे करायचा, ‘घ्या चिमूटभर, धूर तर नाही ना!’ २०१६-१७ च्या सरकारी पाहणीत महाराष्ट्रात ओढणारे शंभरात चारसुद्धा भरले नाहीत, खाणारे मात्र चोवीस होते. आमच्या पारावर बसलं की हा हिशेब समोरच दिसतो. बिडीऐवजी मळलेली तंबाखू म्हणजे निकोटिन तेच, दार वेगळं, हे तुम्ही आप्पांना दोनदा सांगितलंत. ऐकलं दोघांनी. आमच्या ह्यांनी अजून काही केलेलं नाही, पण फोन चालू असला की हल्ली तेही जवळपास घुटमळतात. हा नंबर खाणाऱ्यांसाठीही आहे, हे त्यांना मी मुद्दाम सांगितलेलं नाही. त्यांचं त्यांनाच विचारू दे.

ही सेवा ३० मे २०१६ ला दिल्लीच्या वल्लभभाई पटेल चेस्ट इन्स्टिट्यूटमधून सुरू झाली आणि २०१८ मध्ये मुंबईचं टाटा मेमोरियल, बेंगळुरूचं निम्हान्स आणि गुवाहाटीचं कॅन्सर इन्स्टिट्यूट तिला जोडली गेली, असं मी वाचलं. आप्पांना एवढंच ठाऊक आहे की मुंबईत एक पोरगी आहे, ती रागावत नाही.

कापूस पुढे विकला गेला, भाव बेताचाच मिळाला.

आता एक विनंती. आप्पांनी तुमचा नंबर गल्लीतल्या जिभाऊंना दिलाय आणि ते या आठवड्यात फोन करणार आहेत. त्यांना कमी ऐकू येतं, म्हणून ते ओरडून बोलतात. भांडत नाहीत हो. आणि ते दिवसाला ‘दोन-चार’ बिड्या सांगतील, तर त्यांच्या घरच्यांनाही एकदा विचारून घ्या.

तुमची,
आप्पांची सून