अक्का, ते फूल तुमच्यामुळं आलं

अक्का, तुमची शाळा तेलुगू मीडियमची, मराठी वाचायचा तुम्हाला कंटाळा, म्हणून हे नातीकडून वाचून घ्या. समोर बसून मला हे बोलता आलं नसतं, तुम्ही लगेच "चहा टाकते" म्हणून उठला असता. आणि सगळ्यांसमोर लिहितेय कारण आपल्या सोलापुरात अजून कोणी ट्युबरस बिगोनिया, म्हणजे कंदापासून येणारं फुलझाड, लावून हिरमुसून बसलं असेल तर त्यालाही कळू दे तुम्ही काय केलंत ते.

मागच्या वर्षी फेब्रुवारीत मी कालिम्पोंगच्या नर्सरीतून सहा कंद मागवले. या झाडाचे पूर्वज बोलिव्हिया-पेरूकडच्या अँडीज डोंगरातले, थंड ओलसर हवेतले, आणि मी त्यांना आपल्या गच्चीवर आणलं, तेही उन्हाळ्याच्या तोंडावर. कंदाची वाटीसारखी खोलगट बाजू वर ठेवायची असते, कोंब तिथूनच फुटतो, मी सगळेच्या सगळे उलटे पुरले. तरी बिचारे वाकडेतिकडे होऊन वर आले. मग एप्रिलमध्ये पारा ४० च्या वर गेला आणि मी घाबरून सकाळ-संध्याकाळ पाणी घालायला लागले, पानं मलूल दिसली की अजून एक तांब्या, आणि चार कंद आतल्या आत कुजून लगदा झाले. उरलेल्या दोघांची पानं पिवळी पडली, देठ गळून गेले. त्या कुंड्या रिकाम्या करायला मी जिना उतरत होते आणि तुम्ही दारात मांडीवर सूप घेऊन विड्या वळत बसला होतात.

"थांब गं," म्हणालात. बोटानं माती उकरली, कंद काढून दाबून बघितला. टणक होता. "मेलं नाही, झोपलंय. उंडनी."

उंडनी, म्हणजे तेलुगूत राहू दे. हा एक शब्द मी तेव्हापासून किती वेळा मनात म्हणलाय सांगू शकत नाही.

दोन्ही कंद तुम्ही कोरड्या वाळूत घालून रांजणामागच्या कोपऱ्यात ठेवलेत, तुमच्या माळवदाच्या घरात तेवढीच गार जागा. मे महिन्यात मी दोनदा विचारलं थोडं पाणी शिंपडू का, दोन्ही वेळा नाही म्हणालात. ऑगस्ट संपता संपता तुम्हीच हाक मारली, खळग्यात गुलाबी टिपके दिसत होते, मोहरीएवढे. या वेळी खोलगट बाजू वर, माती जेमतेम झाकेल एवढी, पाणी कडेनं, खळग्यात थेंब साचू द्यायचा नाही, आणि वरची माती सुकल्याशिवाय परत घालायचं नाही. कुंड्या मातीच्या, भोवती ओलं पोतं गुंडाळलेलं. आपली हवा कोरडी, त्यामुळं पोत्यातलं पाणी उडतं तशी कुंडी गार पडते, रांजणासारखीच.

ऑक्टोबरमध्ये आईच्या ऑपरेशनसाठी मला पुण्याला जावं लागलं. घाईत एक कुंडी तुमच्या कट्ट्यावर ठेवली, दुसरी गच्चीवर सावलीत राहिली, तिलाही तुम्ही रोज जिना चढून बघत होतात हे मला नंतर शेजारणीनं सांगितलं. तुम्ही कधी बोलला नाहीत. गुडघे दुखत असताना, अक्का.

डिसेंबरात परत आले तर गच्चीवरचं झाड चार पानांवर थांबलेलं आणि तुमच्या कट्ट्यावरचं कळ्यांनी भरलेलं. माती तीच, पाणी तेच, कंद एकाच खोक्यातले. मला काही सुचेना. तुम्ही वर बोट दाखवलंत, "माझी ट्यूब रात्री दहापर्यंत चालू असते बघ." मग मी वाचून काढलं, तुमचं बरोबर होतं. या झाडाला दिवस मोठा लागतो, 14 तासांच्या आसपास उजेड असला की फुलतं, दिवस 12 तासांच्या खाली गेला की फुलं सोडून कंद भरायला लागतं. आपल्याकडं डिसेंबरात दिवस 11 तासांचा. म्हणजे उन्हाळ्यात ऊन सोसत नाही आणि थंडीत दिवस पुरत नाही, त्यातून वाट काढली ती तुमच्या विड्या वळायच्या ट्यूबनं.

जानेवारीत सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा सुरू झाली त्याच आठवड्यात पहिलं फूल उमललं. शेंदरी, पाकळ्यांवर पाकळ्या, बशीएवढं. मधलं मोठं ते नर आणि दोन्ही बाजूंची साधी बारकी, मागं तीन पंखांची गाठ असलेली, ती मादी. ती खुडली की मधलं अजून मोठं होतं असं मी सांगितलं तर तुम्ही खुडू दिली नाहीत. "तिघं एकत्र आलीत, राहू देत." मग राहिली. देठ काचेसारखा ठिसूळ म्हणून तुम्ही जुन्या साडीच्या काठाची पट्टी फाडून काठीला सैल बांधलीत, ती पट्टी मी जपून ठेवलीय.

त्या दिवशी व्हिडिओ कॉलवर आईला फूल दाखवलं. ऑपरेशननंतर ती पहिल्यांदा स्वतःहून उठून बसली, फोन जवळ आण म्हणाली. याबद्दल तुम्हाला थँक्यू म्हणायचं राहूनच गेलं होतं. आज म्हणते.

आता झाडाची पानं परत पिवळी पडतायत. मी पाणी कमी करत आणलंय, देठ ओढणार नाही, आपोआप सुटेल तेव्हा सुटेल. गच्चीवरच्या कुंडीसाठी बल्ब आणि वायर आणून ठेवलीय. तेवढी रांजणामागची जागा यंदाही रिकामी ठेवा, दोन्ही कंद घेऊन येते.