तुझा पहिला एपिसोड ऐकला

प्रिय नंदू,

सप्रेम नमस्कार.

तुझ्या पॉडकास्टच्या पहिल्या एपिसोडची फाइल मिळाली. एकदा हेडफोन लावून ऐकली आणि एकदा काम करता करता फोनच्या स्पीकरवर. दुसऱ्यांदा मुद्दाम तसं ऐकलं, कारण बहुतेक लोक तसंच ऐकणार आहेत: भांडी घासताना, गाडी चालवताना, निम्मं लक्ष भलतीकडे ठेवून. ‘गोड बोलू नकोस, खरं सांग’ असं तू लिहिलंयस. तू बोट दिलंस, आता मी हात धरणार.

घड्याळवाले काका अफलातून आहेत. माणूस हेरायला तुला नजर आहे, त्यात वादच नाही. पण पहिली तीन मिनिटं काका येतच नाहीत रे! आधी संथ बासरी. मग तू येतोस आणि म्हणतोस, ‘नमस्कार श्रोतेहो, काळाच्या ओघात लुप्त होत चाललेल्या कलांचा मागोवा घेणाऱ्या या विशेष मालिकेत आपलं सहर्ष स्वागत.’ हा कोण बोलतोय? तू आजवर कुणाचं सहर्ष स्वागत केलेलं मला आठवत नाही. दार उघडून ‘आलास? बस’ एवढंच म्हणतोस तू.

त्याच काकांना पहिल्यांदा भेटून आलास तेव्हाचा तुझा व्हॉइस मेसेज आठवतो? ‘अरे, हा माणूस घड्याळ उघडायच्या आधी कानाला लावतो, डोळे मिटतो आणि काय बिघडलंय ते सांगतो. मला वाटलं फेकतोय. झाकण काढलं तर तेच!’ मध्येच तू कुणाला तरी ‘थांब जरा’ म्हणालास, वाक्य अर्धं सोडून दुसऱ्यावर उडी मारलीस, तरी मी तो मेसेज शेवटपर्यंत ऐकला. एपिसोडमध्ये हा कानाला लावायचा किस्सा बाविसाव्या मिनिटाला येतो, तोही ‘त्यांची निदानपद्धती वैशिष्ट्यपूर्ण आहे’ अशा वाक्यात गुंडाळून. तिथवर पोचणार कोण?

आता तू म्हणशील, म्हणजे तयारी न करता सुचेल ते बोलू का? तर नाही. हा गैरसमज सध्या फारच बोकाळलाय. दोघं माइकसमोर बसायचं, दोन तास हसायचं-खिदळायचं, काहीही न कापता फाइल चढवायची आणि त्याला ‘अस्सल’ म्हणायचं. मला तो निव्वळ आळस वाटतो. मार्क मॅरन या विनोदी कलाकाराचं उदाहरण लोक नेहमी देतात. त्याने २००९ मध्ये पॉडकास्ट सुरू केला, घराच्या गॅरेजमध्ये मुलाखती घेतल्या आणि जून २०१५ मध्ये बराक ओबामा राष्ट्राध्यक्ष असताना त्याच गॅरेजमध्ये येऊन बसले. सगळ्यांच्या लक्षात राहतं ते गॅरेज. त्याआधी हा माणूस वर्षानुवर्षं रंगमंचावर एकटा उभा राहून लोकांना हसवत होता, रेडिओवर कार्यक्रम करत होता, हे कुणी सांगत नाही. ते सहज वाटणारं बोलणं कमावलेलं होतं.

माझं म्हणणं एवढंच आहे, की तुला जे खरोखर जाणून घ्यायचंय तेच विचार. बाकी सगळं त्यातून येतं. तुझ्या मुलाखतीतले निम्मे प्रश्न असे आहेत, की त्यांची उत्तरं तुला आधीच माहीत आहेत, किंवा ती मिळाली काय नि न मिळाली काय, तुला फरक पडत नाही. ‘आपल्या प्रवासाबद्दल काय सांगाल?’ यावर कुणीही पाठ केलेलं भाषणच करणार. त्याऐवजी ‘आज सकाळी पहिलं कुठलं घड्याळ उघडलंत?’ असं विचारून बघ. माणूस एकदम समोरच्या टेबलावर येतो, त्याचे हात हलायला लागतात. आणि प्रश्नांची यादी आधी पाठवू नकोस. विषय सांग, प्रश्न नको. यादी मिळाली की लोक रात्री बसून उत्तरं तयार करतात आणि सकाळी तीच वाचून दाखवतात.

आता चौदाव्या मिनिटाकडे येतो. ते मी परत परत ऐकलंय. काका सांगतायत, की दुरुस्तीला टाकलेली काही घड्याळं लोक न्यायला येतच नाहीत. मग म्हणतात, ‘माझ्या भावाचंही एक आहे.’ आणि थांबतात. दीड-दोन सेकंद, जास्त नाही. तेवढ्यात तू, ‘वा! तर पुढचा प्रश्न असा, की डिजिटल क्रांतीचा या व्यवसायावर काय परिणाम झाला?’ अरे माणसा! भावाचं घड्याळ तिथे का आहे? भाऊ कुठे आहे? मी इकडे हेडफोन काढून ठेवला आणि एकटाच ओरडलो.

तुला दोष देत नाही, कारण गप्प राहणं आपल्या अंगातच नसतं. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दहा भाषांमधल्या गप्पा तपासल्या होत्या. एकाचा प्रश्न संपून दुसऱ्याचं उत्तर सुरू होईपर्यंत सरासरी सेकंदाचा जेमतेम पाचवा भाग जातो, असं त्यात दिसलं. दोन सेकंदांची शांतता म्हणूनच आपल्याला युगासारखी वाटते. घाबरून आपण ती भरून टाकतो. मुलाखत घेणाऱ्याने हीच खोड मोडायची असते. काका थांबले की मनात सावकाश पाचपर्यंत मोज. बहुतेक वेळा तीनच्या आतबाहेर माणूस स्वतःहून पुढे बोलतो आणि तेव्हा जे बोलतो ते कुठल्याही प्रश्नाने बाहेर आलं नसतं. पाचनंतरही गप्प राहिले तर विषय सोड. त्यांना सांगायचं नसेल.

दूरच्या माणसाशी ऑनलाइन बोलशील तेव्हा हे आणखी अवघड जातं. आवाज पोचायला तिकडे क्षणभर उशीर होतो, तुला वाटतं तो थांबलाय, तू बोलायला लागतोस आणि दोघांचं एकमेकांवर पडतं. मग ‘बोला बोला’, ‘नाही, तुम्ही बोला’ सुरू. त्यावर उपाय म्हणजे दोघांनी आपापल्या जागी आपला आवाज वेगळा रेकॉर्ड करायचा आणि नंतर जुळवायचा. आणि ते तुझं ‘हं… हं… अच्छा… बरोबर’! मान हलव, डोळ्यांनी बोल, पण तोंड बंद. एकाच माइकमध्ये तुझा हुंकार काकांच्या शब्दावर बसला, की तो मला ब्रह्मदेव आला तरी काढता येत नाही.

एक गोष्ट जरा चिडून लिहितोय. एपिसोडमध्ये मागे भिंतीवरच्या घड्याळाचे अकरा टोले पडतात आणि चार मिनिटांनी दहा! म्हणजे तू तुकडे मागेपुढे केलेस. त्याबद्दल माझी तक्रार नाही, सगळेच करतात, मी रोज तेच करतो. बोलणं विस्कळीत असतं आणि ऐकणाऱ्याच्या वेळेची किंमत ठेवायची तर ते लावून द्यावंच लागतं. पण ‘या कलेचं भविष्य काय?’ या तुझ्या प्रश्नाला काका ‘आता काय, संपलं’ म्हणतात, तिथे खोलीचा आवाजच बदलतो. प्रश्नामागे पंखा आहे, उत्तरामागे नाही. खरं सांग, ते ‘संपलं’ कलेबद्दल होतं की समोरच्या घड्याळातल्या सेलबद्दल? क्रम बदलायला माझी हरकत नाही, रटाळ भाग कापायलाही नाही. एका प्रश्नाचं उत्तर दुसऱ्याच प्रश्नाला चिकटवणं मात्र मला चालत नाही. काकांनी ते ऐकलं तर ‘मी असं म्हणालो नव्हतो’ असं त्यांना वाटता कामा नये.

आवाजाचं तांत्रिक थोडक्यात सांगतो. काकांच्या खोलीत तीस-चाळीस घड्याळं टिकटिकत असणार. कुठेही कापलं की टिकटिकीचा ताल चुकतो आणि काप उघडा पडतो. म्हणून बोलणं शेजारच्या शांत खोलीत रेकॉर्ड कर, शक्यतो कपड्यांनी भरलेलं कपाट किंवा जाड पडदे असतील तिथे, म्हणजे आवाज भिंतींवर आपटून घुमणार नाही. मग घड्याळांच्या खोलीत जाऊन पाच मिनिटं नुसती टिकटिक घे. ती मी बोलण्याखाली अखंड अंथरीन. यात फसवाफसवी नाही, ती घड्याळं त्यांचीच आहेत. दोन्ही खोल्यांत कुणी बोलत नसताना अर्धा मिनिट शांतताही रेकॉर्ड करून ठेव, जोडकामाला लागते.

माइक तोंडापासून वीतभर, पण नाकासमोर नको, जरा तिरपा. समोर धरलास की प, फ, ब, भ या अक्षरांना हवेचा झोत थेट आदळून धप्प आवाज येतो. फार जवळ गेलास तर आवाज उगाच जड होतो. काही जणांना तो आकाशवाणी थाटाचा खर्ज आवडतो, मला नाही. शेवटी सगळ्याची पातळी उणे १६ एलयूएफएसच्या (कानाला आवाज किती मोठा वाटतो ते मोजायचं एकक) आसपास ठेव, ॲपलची शिफारस तीच आहे, म्हणजे ऐकणाऱ्याला सारखा आवाज कमीजास्त करावा लागत नाही. आणि ते एका बटणात सगळे ‘अं’ नि सगळे विराम उडवणारं सॉफ्टवेअर वापरू नकोस. काका श्वासच घेत नाहीत असं वाटायला लागतं.

ऐकणाऱ्यांशी नातं कसं जुळतं, हे तू दोनदा विचारलंयस. एका श्रोत्याशी बोलतोय असं समजून बोलायचं, हा सल्ला सगळेच देतात. तो बरोबर आहे, पण अर्धाच. अमीन सायानी १९५२ पासून रेडिओ सिलोनवर ‘बहनों और भाइयों’ म्हणत अख्ख्या गर्दीलाच हाक मारत होते, तरी प्रत्येकाला वाटायचं हा माझ्याशीच बोलतोय. कारण श्रोत्यांची पत्रं आणि त्यांच्या फर्माइशी त्यांच्या बोलण्यातच यायच्या. ऐकणारा कार्यक्रमात हजर असायचा. डोनाल्ड हॉर्टन आणि रिचर्ड वोल या दोघांनी १९५६ मध्येच लिहून ठेवलंय, की रेडिओ-टीव्हीवरचा माणूस ऐकणाऱ्याला जवळचा वाटू लागतो, पण हे नातं एकतर्फी असतं. तू त्याला थोडं दुतर्फी करू शकतोस. कुणी लिहिलं तर उत्तर दे. कुणी ‘माझ्याकडे आजोबांचं बंद घड्याळ आहे’ असं कळवलं, तर पुढच्या वेळी ते काकांसमोर ठेव. सुरुवातीलाच ‘लाइक करा, शेअर करा, सबस्क्राइब करा’ म्हणून हात पसरू नकोस. अजून काही दिलंच नाहीये आपण.

डाउनलोडच्या आकड्यांकडे रोज बघू नकोस. फाइलचा मिनिटभराचा भाग उतरला की तो डाउनलोड धरतात. कुणी ऐकलं की नाही, हा वेगळाच विषय. सबस्क्राइब केलेले एपिसोड फोन आपोआप उतरवून ठेवतो. २०२३ मध्ये ॲपलने ही सोय जरा आवळली, तर मोठमोठ्या पॉडकास्टचे आकडे खाली आले. त्यापेक्षा लोक कुठल्या मिनिटाला सोडून जातात, तो आलेख बघ. तुझ्या या एपिसोडचा आलेख बासरीतच कोसळेल, मी आधीच सांगून ठेवतो. एपिसोड किती दिवसांनी काढायचा, ते तुझ्या झेपेवर. दर आठवड्याला जमणार नाही, मी तुला ओळखतो.

आता भावाच्या घड्याळाचं. काकांकडे परत जाणार असशील, आणि जायलाच हवंस, तर ती गोष्ट रेकॉर्ड करण्याआधी सांगायची आहे का ते विचार. आणि सांगितलीच तर प्रसारित करण्याआधी त्यांना ऐकव. २०१४ मध्ये ‘सीरियल’ हा पॉडकास्ट जगभर गाजला. एका जुन्या खुनाचा तपास आणि निवेदिका सारा केनिग आपल्या शंका आठवड्याला उघडपणे सांगत होती. आज तिला एक वाटतंय, उद्या दुसरं. तो प्रामाणिकपणा लोकांना भिडला. पण ज्या मुलीचा खून झाला तिच्या घरच्यांचं दुःख जगाची करमणूक झालं, अशी टीकाही झाली आणि मला ती पटते. तुझा मामला एवढा मोठा नाही, तरी काकांच्या घरात त्या भावाबद्दल काय बोलतात, काय बोलत नाहीत, हे तुला-मला ठाऊक नाही. नको म्हणाले तर निमूट काढ. त्याने एपिसोड लंगडा झाला तर जोडायला मी आहे.

तर आता असं कर: दोघांचे ट्रॅक वेगवेगळे आणि न कापलेले पाठव. एमपीथ्री नको, वेव्ह फाइल, म्हणजे न दाबलेला मूळ आवाज पाठव. मूळ मुलाखतीचं पहिल्यापासूनचं सगळं, ‘चला, सुरू करू या’च्या आधीचं बोलणंसुद्धा. रेकॉर्डर चालू होता ना तेव्हा? आणि पहिली तीन मिनिटं नव्याने बोल. लिहून काढू नकोस. मला फोन लाव, काकांबद्दल सांग आणि तुझ्या बाजूला माइक चालू ठेव. रविवारी सकाळी मी मोकळा आहे.

तुझा,
अवि

ता. क. बासरी कुठून घेतलीस? कुणाची आहे आणि वापरायची परवानगी आहे का, तेही कळव. नसेल तर आजच काढ.