मौलाना मदनींचा वर्ग

मा. संपादक,
स. न. वि. वि.

फाळणीवरच्या आपल्या पुरवणीत मौलाना हुसेन अहमद मदनींना एका ओळीत उरकले आहे: ‘पाकिस्तानला विरोध करणारे पुरोगामी मौलवी’. विरोध खराच. पण ‘पुरोगामी’ हे बिरुद त्यांनी स्वतःच नाकारले असते. ते कर्मठ आलिम (धर्मपंडित) होते, आणि उभी हयात त्यांनी हदीस, म्हणजे प्रेषितांची वचने व आचरण, शिकवण्यात घालवली. त्यांचे राजकारण याच शिकवण्यातून आले.

जन्म 1879 चा. लहान वयातच त्यांना उत्तर प्रदेशातल्या देवबंदला धाडले गेले. तिथले दारुल उलूम हे धर्मविद्यापीठ 1866 साली छत्ता मशिदीच्या आवारात सुरू झाले. सरकारी पैसा नको, लोकांच्या वर्गणीवरच मदरसा चालवायचा, हा संस्थापकांचा दंडक. तिथले अगदी पहिल्या तुकडीतले विद्यार्थी महमूद हसन पुढे तिथेच मुख्य शिक्षक झाले. मदनी हे त्यांचे शिष्य. पुढे घरची मंडळी मदिनेला स्थायिक झाली आणि मदनी तिथे प्रेषितांच्या मशिदीत शिकवू लागले.

पहिल्या महायुद्धात इंग्रजांविरुद्ध तुर्कांची मदत मिळवण्याच्या खटपटीत असलेले महमूद हसन मक्का-मदिनेच्या हेजाज प्रांतात पकडले गेले. मदनीही त्यांच्याबरोबर 1917 ते 1920 माल्टाच्या कैदेत राहिले. गुरूच्या वजूसाठी (नमाजापूर्वी हातपाय धुण्यासाठी) पाणी कोमट व्हावे म्हणून ते थंडीत रात्रभर भांडे पोटाशी धरून बसत, अशी आठवण शिष्यमंडळी सांगत आली आहेत. आता तिची शहानिशा कोण करणार! पण शिष्यांना हीच आठवण जपावीशी वाटली, हे मला बोलके वाटते.

सुटून आल्यावर पुढच्याच वर्षी, 1921 मध्ये, कराचीचा खटला उभा राहिला. इंग्रजांच्या फौजेत नोकरी करणे मुसलमानाला हराम आहे, या ठरावाबद्दल अली बंधू, डॉ. किचलू, मदनी आदींना दोन वर्षांची शिक्षा झाली. आरोपींच्या पिंजऱ्यात शंकराचार्य भारती कृष्ण तीर्थही होते (ते सुटले). वैदिक गणितामुळे त्यांचे नाव आपल्याकडे घरोघरी पोचले. हा खटला मात्र कुणाच्या गावी नाही.

1920 च्या दशकाच्या अखेरीस मदनी देवबंदचे मुख्य अध्यापक झाले आणि 1957 साली मृत्यू येईपर्यंत त्याच पदावर राहिले. मध्ये तुरुंगवाऱ्या झाल्या, जमियत उलेमा-ए-हिंद या उलेमांच्या संघटनेचे अध्यक्षपद आले. पण बुखारी आणि तिरमिझी या हदीससंग्रहांचे पाठ काही सुटले नाहीत.

आता मूळ मुद्दा. आजच्या काळात कौम (राष्ट्र) वतनावरून, म्हणजे मायभूमीवरून, ठरते, असे मदनी 1938 च्या सुमारास म्हणाले, तेव्हा कवी इक्बालांनी त्यांच्यावर जहरी फारसी ओळी लिहिल्या. पुढे पत्रव्यवहारातून खुलासा झाल्यावर इक्बालांनी आक्षेप मागे घेतला; ओळी तेवढ्या मरणोत्तर संग्रहात छापल्या गेल्या. मदनींनी उत्तरादाखल पुस्तक लिहिले, ‘मुत्तहिदा कौमियत और इस्लाम’. त्यातला आधार युरोपातला नव्हे, मदिनेचा आहे. प्रेषितांनी तिथल्या ज्यूंशी करार करून त्यांना आपल्याबरोबर एकाच समूहात धरले, तर हिंदुस्थानात हिंदू-मुसलमानांची एक कौम का होऊ नये, हा त्यांचा सवाल. वर्गात ग्रंथ उलगडून दाखवणाऱ्या शिक्षकाचाच हा युक्तिवाद. पाकिस्तान मागणाऱ्या मुस्लिम लीगच्या समर्थकांनी पुढे त्यांची भर रस्त्यात विटंबना केली, तरी तो त्यांनी सोडला नाही.

त्याच श्वासात ते शरियतवर आधारित वैयक्तिक कायदा अबाधित राहावा, असेही म्हणत. मला ते पटत नाही. अनेकांना पटणार नाही. पण या दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या, एकाच अभ्यासातून आलेल्या आहेत. सोयीची तेवढी उचलून त्यांना आपल्यासारखे करून घेणे, हा त्यांच्यावर अन्याय आहे.

पुढच्या पुरवणीत दुरुस्ती छापणार असाल, तर ‘पुरोगामी’ हा एक शब्द तेवढा गाळावा.

आपला,
एक निवृत्त इतिहास शिक्षक