वीज कुठून येते, हे मुलांना एकलहऱ्याला नेऊन दाखवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात माझी आठवीतली नात ‘ऊर्जेचे स्रोत’ हा शाळेचा प्रकल्प दाखवायला घेऊन आली. स्टेशनरीच्या दुकानात तयार मिळणारी थर्माकोलची पवनचक्की आणि खाली ‘पारंपरिक’, ‘अपारंपरिक’ अशा दोन याद्या. पैकीच्या पैकी गुण मिळाले होते. मी विचारले, ‘बाळा, आपल्या घरातली वीज यातल्या कुठल्या यादीतली?’ तिला सांगता येईना. पृथ्वी का तापते, या प्रश्नावर म्हणाली, ‘आबा, ओझोनला भोक पडलंय ना!’ आमच्या गच्चीवरून एकलहऱ्याच्या वीज केंद्राची धुराडी दिसतात. त्या गच्चीखाली वाढलेल्या मुलीचे हे चुकीचे उत्तर माझ्या फार मनाला लागले.

एकलहऱ्याच्या औष्णिक वीज केंद्रात कोळसा हाताळणी विभागात मी 31 वर्षे काढली. त्या पगारावर घर उभे राहिले, मुले शिकली. कोळशाला शिव्या द्यायला हे पत्र लिहीत नाही. पण त्याचा हिशेब मी डोळ्यांनी पाहिला आहे. मालगाडी लागली की वॅगन टिपलर एकेक वाघीण धरून सबंध उलटी करायचा. साधारण साठ टन कोळसा धडधडत खाली. तिथून क्रशर, पट्टा, बंकर, आणि मिलमध्ये पिठासारखा दळून बॉयलरमध्ये. 210 मेगावॉटचा वीजनिर्मितीचा एक संच पूर्ण भाराने चालला तर तासाला सव्वाशे ते दीडशे टन कोळसा खातो. म्हणजे अर्ध्या तासात एक वाघीण फस्त. असे तीन संच तिथे आहेत.

त्या रात्री नातीला घेऊन बसलो आणि गच्चीवर सोलर बसवण्याआधीचे एक बिल काढले. महिन्याला 210 युनिट. कोळशावर केलेल्या विजेच्या एका युनिटला साधारण साडेसहाशे ते सातशे ग्रॅम कोळसा लागतो. म्हणजे आमच्या घराला महिन्याला पन्नास किलोची जवळजवळ तीन पोती. त्यातून निघणारा कार्बन डायऑक्साइड युनिटमागे किलोभर, महिन्याला दोनशे किलोच्या घरात. तिथे ती अडली. ‘आबा, दीडशे किलोसुद्धा नसलेल्या कोळशातून दोनशे किलो वायू कसा निघेल?’ प्रश्न अगदी रास्त होता. मी सांगितले, कोळशातला कार्बन जळताना हवेतला ऑक्सिजन ओढून घेतो. 12 किलो कार्बनला 32 किलो ऑक्सिजन लागतो आणि 44 किलो वायू तयार होतो. तिने वहीत स्वतः गणित मांडले, आपल्या कोळशात तिसरा हिस्सा तर राखच असते म्हणून ती वजा केली, आणि बराच वेळ वहीकडे बघत राहिली. मग म्हणाली, ‘म्हणजे हवेलाही वजन असतं!’ इतका वेळ तिला कोणी दिलाच नव्हता.

कूलिंग टॉवरमधून पांढरे लोट निघतात ती पाण्याची वाफ. धुराड्याची राख यंत्रात बरीचशी पकडली जाते. हा वायू मात्र ना दिसतो ना पकडला जातो. त्याने पृथ्वी तापेल, हे स्वीडनच्या आऱ्हेनियसने 1896 मध्येच गणिताने मांडले होते. हवाई बेटावरच्या मौना लोआ वेधशाळेत 1958 पासून तो मोजतात. तेव्हा हवेच्या दहा लाख भागांत 315 च्या आसपास होता, आता 420 च्या वर गेला आहे.

नाशिककरांना हे लांबचे वाटायचे कारण नाही. 26 नोव्हेंबर 2023 च्या गारपिटीत निफाडकडच्या माझ्या मेव्हण्याचा द्राक्षबाग झोडपून निघाला. ऑक्टोबर छाटणी झालेला, घड लागलेला बाग. त्या एका गारपिटीचे खापर कोळशावर फोडणे बरोबर नाही. पण हवा एक अंशाने तापली की सुमारे सात टक्के जास्त बाष्प धरू शकते आणि मग पाऊसही जोराचा पडू शकतो, हे बागाईतदाराच्या मुलाला शाळेतच कळायला हवे.

गच्चीवर आम्ही तीन किलोवॉटचे पॅनल बसवले. केंद्र सरकारच्या योजनेतून 78,000 रुपये अनुदान मिळाले. आता नात रोज संध्याकाळी रीडिंग लिहिते: एप्रिलमध्ये 14 युनिट, जुलैच्या झाकोळलेल्या दिवशी 4. तिला आपणहून कळले की संध्याकाळी सातला, सगळ्यांचे दिवे-पंखे लागतात तेव्हा, पॅनल काही देत नाही. तिथेच मी तिला घाटघरची गोष्ट सांगितली. भंडारदऱ्याच्या पुढे हा 250 मेगावॉटचा प्रकल्प आहे. मागणी कमी असताना पाणी वर चढवायचे आणि मागणी वाढली की तेच खाली सोडून वीज करायची. सूर्याची वीज साठवायची ही एक वाट आपल्या शेजारीच आहे.

आपल्या वृत्तपत्रामार्फत शहरातल्या मुख्याध्यापकांना माझी विनंती आहे. सहल वॉटर पार्कला न्यायची ती एक वर्ष वैतरण्याच्या जलविद्युत केंद्राला आणि घाटघरला न्या. रीतसर परवानगी काढून एकलहऱ्यालाही न्या. तयार पवनचक्की आणायला लावण्याऐवजी प्रत्येक मुलाला घरचे बिल आणायला सांगा आणि वर्गात त्याची पोती मोजा. शाळेचे स्वतःचे बिल फळ्यावर लिहा. माझ्यासारखे निवृत्त लोक नाशिकरोडला गल्लोगल्ली आहेत. आम्हाला बोलवा, आम्ही फुकट येऊ. कोळशाचा एक ढेकूळ आणि राखेची एक पुडी मी जपून ठेवली आहे, ती घेऊन येईन.

आपला,
एक निवृत्त वीज कर्मचारी, नाशिकरोड